दोराला हात लावला त्याचा वाटा

माझा उजवा गुडघा वाजताना ज्यांनी ऐकला नाही, त्यांनी कोल्हापुरात राहून ऐकलं तरी काय? मी जिना उतरायला लागलो की खालच्या बिऱ्हाडातल्या मावशी, सुपारी कोण फोडतंय म्हणून दार उघडून बघायच्या. गेल्या हंगामात विरुद्ध बाजूच्या बॅकने माझ्या पायावर बसकण मारली. माणूस म्हणजे उसाची भरलेली गाडी. त्या दिवसापासून तालमीच्या फुटबॉल संघाचा सेंटर हाफ, म्हणजे प्रस्तुत लेखक, मैदानाच्या कडेला बसून लिंबाच्या फोडी वाटण्याच्या कामाला लागला होता.

तालमीचे वस्ताद प्रेमळ आहेत, पण त्यांचं प्रेम संघावर. त्यांनी सांगून टाकलं, "उन्हाळ्याच्या स्पर्धेआधी डॉक्टरचा कागद आण. नाहीतर जर्सी धुऊन परत दे. धुऊन, बरं का."

आता डॉक्टर म्हणजे आमचे मेव्हणे विनायकराव. पुण्याला वैद्यकीय कॉलेजात हाडांचे डॉक्टर. घरचाच माणूस, एका सहीला किती वेळ? पण हा गृहस्थ आपल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातचा पांढरा रस्सा तीन वाट्या पिऊन मिशी पुसत म्हणाला, "दाजी, सही मिळणार नाही. गुडघा मांडीच्या जिवावर उभा असतो, आणि तुमची मांडी झोपली आहे."

विनायकरावांना एक वेड होतं. फुटबॉल खेळणाऱ्यांचे पाय का मोडतात, दम कशाने टिकतो, पेटके कुणाला येतात, याचा शास्त्रीय अभ्यास करायचा. त्यांचे वरिष्ठ हसायचे. पेशंट मेला नाही, नुसता लंगडतोय, त्याचा कसला अभ्यास? तरी हा पठ्ठ्या सुट्टीत येऊन कोल्हापूरच्या एकेका तालमीत फीत घेऊन घोटे मोजत हिंडायचा. एकदा सुक्या मासळीचा एक व्यापारी त्यांच्याकडे खांदा दाखवायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, आमच्याकडे मालवणजवळ तोंडवलीच्या वाळूत पोरं अनवाणी फुटबॉल खेळतात, कुणाचा गुडघा गेल्याचं आजवर ऐकलं नाही. झालं! मेव्हण्याची झोप उडाली.

"दाजी, पंधरवडाभर माझ्याबरोबर चला. सामान उचला, मी सांगेन तसं वागा. शेवटच्या दिवशी एका पायावर खाली बसून उठलात आणि गुडघा गप्प राहिला, तर तिथल्या तिथे सही."

मी होय म्हणालो. सही नसती तरी म्हणालो असतो. कारण समुद्र मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

खाडीवरची तर

फोंड्याच्या घाटाचं वर्णन करत नाही. एस.टी.च्या टपावर आमचा वजनकाटा होता आणि प्रत्येक वळणाला तो दरीत डोकावून यायचा, एवढं पुरे. मालवणात उतरलो तर बाजारात गोव्याच्याच गप्पा. गोवा मोकळा होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि तिथल्या प्रत्येक माणसाने तो एकट्याने सोडवलेला होता. मला फार घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडेही असंच असतं.

तोंडवली म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माडांची पट्टी. खाडी तरीतून, म्हणजे उतारू नेणाऱ्या होडीतून, ओलांडायची. तरीत आमच्या शेजारी एक बाई बसली होती, मालवणच्या बाजारात मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परत चाललेली. आमचा काटा पाहून तिला राहवेना.

"ह्यां काय? मासे जोखूचां?"

"माणसं," विनायकराव म्हणाले. "बाई, उभ्या राहता का? बघू चालतोय का ते."

"माका कित्या जोखतास? मिया काय सुरमय?"

सगळी तर हसली. एवढी हसली की पाणी आत आलं आणि मी माझ्या टोपीने उपसत राहिलो. ही सरसाकाकी. तिचाच नवरा पांडू तांडेल, म्हणजे गावच्या होड्या आणि जाळी ज्याच्या शब्दावर चालतात तो म्होरक्या, आणि त्याच्याच घरी आमची उतरायची सोय होती. काकीने पुढचा पंधरवडा आम्हाला जे खाऊ घातलं, ते आठवलं की हे लिहिताना कागद ओला होतो. सकाळी उकड्या तांदळाची पेज. दुपारी बांगड्याचं तिरफळं घातलेलं सार. वर सोलकडी. पहिल्या दिवशी त्या गुलाबी रंगाला मी औषध समजलो आणि डोळे मिटून प्यालो, मग डोळे उघडून पाच वेळा प्यालो. आमच्याकडे तांबड्या रश्श्याने कानातून धूर निघतो. इथली कोकमं तो धूर परत आत घालतात.

माझ्याबद्दल सरसाकाकीने फक्त एकच प्रश्न विचारला. "पाय मोडलो तो खंय मोडलो?"

"फुटबॉल खेळताना."

"मेल्यांनो, खेळान पाय मोडतास? आमचे खेळान भूक लावन घेतत."

देवाने पाडलेले दोन संघ

दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळू कडक झाली आणि खेळाडू जमले. खांद्यावर जाळं, कमरेला रुमाल, पायात काही नाही. गोलात उस्मानभाई. हाच तो खांदेवाला व्यापारी. तारुण्यात बोटीवर खलाशी होता, कुठल्याशा बंदरातून फुटबॉल घेऊन आला आणि अख्ख्या किनाऱ्याला लागण करून बसला. हात एवढे लांब की गोलात उभा राहून तो शेजारच्या माडावरचा नारळ काढतो असं मी म्हणेन, आणि तुम्ही विश्वास ठेवाल, कारण तुम्ही गेलेला नाहीत.

विनायकराव एकेकाला बसवून रबरी हातोडीने गुडघ्यावर टकटक करायला लागले. पहिल्या गड्याचा पाय असा उडाला की हातोडी गेली ती खाडीत. तिसऱ्या दिवशी ती एका पालू माशाच्या पोटात निघाली. बरं, निघाली नसेल. पण खाडीत गेली हे खरं, आणि पुढे सगळे गुडघे काकीच्या वरवंट्याने तपासले हेही खरं.

घोटे, मांड्या, पोटऱ्या सगळं फितीने मोजून झालं. मग डॉक्टरांनी मुख्य गोष्ट काढली. सामन्याआधी विश्रांती घ्यावी की सराव करावा, याचा त्यांना निकाल लावायचा होता; त्यांचा स्वतःचा कल विश्रांतीकडे. अर्धे गडी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फुटबॉल खेळतील. उरलेले अर्धे पूर्ण आराम करतील. मग दोघांची शर्यत आणि सामना. कोण कुठल्या बाजूला हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे डॉक्टरांनी वशिला लावला असं व्हायला नको.

"चिठये?" पांडू तांडेलाला ते पटेना. "देव असताना चिठये कित्याक? कौल लावया."

विनायकराव माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "डॉक्टर, देवाला तुमच्या संशोधनात काही फायदा नाही. याहून निःपक्षपाती माणूस मिळणार नाही." त्यांनाही ते पटलं.

देवळात गुरवाने देवाच्या अंगाला ओली फुलं चिकटवली. उजवीकडचं पडलं तर खेळ, डावीकडचं पडलं तर आराम. त्याआधी तांडेलाने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाला माणसं हळू आवाजात सांगतात. इथे देव समोर असला तरी पलीकडच्या मसुरे गावाला ऐकू जावं असं सांगतात.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो पुण्याचो डॉक्टर आमची ढोपरां मोजूक इल्लो आसा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गावाचा एक आवाज.

"त्येच्या घड्याळाक, त्येच्या फितीक कोणाची वायट नजर लागात, तर ती जयसून इली थंय धाड, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्यो कोल्हापूरचो पावणो एका पायार नाचता, त्येका दोनी पायार उभो कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात विनायकरावांचा आवाजही मला स्पष्ट ऐकू आला. नंतर त्यांनी ते साफ नाकारलं.

उस्मानभाई देवळाच्या पायरीखाली उभा राहून ओरडला, "माझापण कौल घ्या रे! मी खंयच्या बाजूक?" त्याचं फूल उजवीकडून पडलं. खेळ. पांडू तांडेल, जो सेंटर फॉरवर्ड होता, त्याचं डावीकडून. आराम. शेवटी गावाने हट्टाने माझंही लावलं. डावीकडून. आराम.

"ऐकलंत ना दाजी?" विनायकराव म्हणाले. "देवाचीही तीच आज्ञा आहे. हलायचं नाही."

आराम

पहिल्या सकाळी मी माडाखाली आराम करत पडलो होतो. दूर दक्षिणेकडच्या टोकाला डॉक्टर घड्याळ घेऊन खेळाडूंची नाडी मोजत होते. इकडे आमचे आरामगडी कमरेला पट्टे बांधून निघाले.

"तांडेल, कुठे?"

"रापणीक."

रापण म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकाला सांगायला हवं. होडीने समुद्रात मोठा फेर धरून जाळं सोडायचं. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. मग गावातली माणसं दोन रांगांत उभी राहून, टाचा वाळूत रोवून, उलट चालत ते जाळं ओढतात. नुसतं जाळं नव्हे, त्याच्याबरोबर अर्धा अरबी समुद्र. मी पाहिलं तेव्हा भरती आणि रापण यांतलं कोण पाणी किनाऱ्याला आणतंय हेच कळत नव्हतं.

"अहो, पण तुम्हाला आराम सांगितलाय ना?"

तांडेलाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मगे? आरामच आसा. फुटबॉलाक पाय लावलंय काय मिया?"

त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. खेळ म्हणजे दमणूक, म्हणून डॉक्टरने खेळ बंद केला. रापण म्हणजे दिवस. दिवस कुणी बंद करतं का?

जाळं किनाऱ्याला लागलं आणि वाळूवर चांदीचा ढीग पडला. बांगडेच बांगडे. तांडेल वाटे घालायला बसला. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वाटेने जाणारी एक म्हातारी मध्येच दोराला लटकली होती, तिचाही वाटा.

"हिचा कसा?" मी विचारलं.

"दोराक हात लावलो, त्येचो वाटो. असो कायदो आसा."

आता मी कोल्हापूरचा. समोर फुकट बांगडा आणि मध्ये फक्त एक दोर. गुडघा, डॉक्टर, देवाचा कौल, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि सर्वांत शेवटी बांगडा येऊन तिथेच थांबला.

दुसऱ्या सकाळी मी दोर धरला. भीत भीत. पुढे चालताना जो गुडघा सुपारी फोडायचा, तो उलट चालताना बोलेना. टाच रोवायची, मागे रेलायचं, मांडी भरायची, एक पाऊल मागे. मांडीला असा जाळ लागला की दुपारी मला पाटावर बसवायला दोन माणसं लागली. पण माझा वाटा पडला! केळीच्या पानावर, माझ्या नावाचा.

तो वाटा मी गुपचूप काकीकडे दिला. रात्रीच्या जेवणाला विनायकराव बोटं चाटत म्हणाले, "आजचे बांगडे काही वेगळेच आहेत."

"आरामाचे आसत," काकी म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

हे असंच रोज. दोर रोज थोडा हलका व्हायला लागला. तांडेल म्हणायचा, "पावणो इल्यापासना रापण भरता." मी त्याला सांगितलं की माझ्या ओढण्याने समुद्र किनाऱ्याकडे वीतभर सरकलाय. त्याने जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "दोन वीत." खोटं बोलण्यात मला तोडीचा माणूस आयुष्यात तो एकच भेटला.

शर्यत

निकालाच्या दिवशी सगळं तोंडवली किनाऱ्यावर. शर्यत झाली. आरामवाले पुढे, एवढे पुढे की खेळवाल्यांना ते बंदराकडे निघालेल्या होडीसारखे दिसले असतील. मग सामना. तांडेल वाऱ्यासारखा. आरामवाल्यांनी गोलांचा पाऊस पाडला. उस्मानभाईसारखा गोली, नारळ काढणारा, पण चेंडू त्याच्या बगलेतून जात होता आणि त्याला पत्ता नव्हता.

विनायकराव वाळूत नाचायचे बाकी होते. "विश्रांती, दाजी! मी म्हणत नव्हतो? आता लिहून काढतो. बघतील सगळे." त्यांनी तांडेलाला मिठीच मारली. "तांडेल, एवढी उत्तम विश्रांती घेतलीत तरी कशी? सांगा, सविस्तर सांगा."

तांडेलाने खुशीत सांगायला सुरुवात केली. "सकाळी उठलंव. रापण ओढली. जेवलंव. वायंच आडवो झालंय. परत रापण ओढली."

"रापण? म्हणजे ते जाळं? रोज?"

"मगे? तुमी बोललास, फुटबॉल नाय. नाय खेळलंव. देवाची आण."

मेव्हण्याचं तोंड असं झालं, की मला माझ्या गुडघ्याचीसुद्धा आठवण राहिली नाही. ते खेळवाल्यांकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्ही का हरलात?"

उस्मानभाई उसळला. "डॉक्टरानूं, तुमी आमका सकाळ-सांज खेळवलास. रापणीक हात नाय, वाटो नाय. माझी बायको माका घरात घेईना! मिया गोलात उभो, आणि समोर ह्यांचे बांगडे दिसतत. चेंडू बघू की बांगडे?"

"म्हणजे श्रम न करणारं तुमच्यात कुणीच नव्हतं," विनायकराव हळूच म्हणाले आणि वाळूत बसले. आठवड्याचं काम, पुण्यातल्या हसणाऱ्या वरिष्ठांचं तोंड बंद करायची संधी, सगळं त्या लाटेबरोबर गेलं. मग त्यांनी मान वर केली. "दाजी. तुम्ही तरी विश्रांती घेतलीत ना?"

माझी जर्सी त्या उत्तरात होती. होय म्हटलं तर सहीच्या जवळ, नाही म्हटलं तर मेव्हणा इथूनच मला चालत कोल्हापूरला पाठवणार. मी घसा साफ केला.

तेवढ्यात सरसाकाकी म्हणाली, "तेंचो वाटो तुमीच खाल्लास की रोज! आणि वर आणखी मागलास!"

सगळा किनारा हसला. विनायकराव हसले नाहीत. ते उठले, खिशातून फीत काढली आणि माझी मांडी मोजायला लागले. एकदा मोजली, फीत उलटी करून परत मोजली. दुसरी मांडी मोजली. मग म्हणाले, "एका पायावर. खाली."

मी डावा पाय उचलला. खाली गेलो. किनारा एवढा गप्प झाला की वाळूतला खेकडा चालताना ऐकू यावा. देवा म्हाराजा, मी मनात म्हणालो, गाऱ्हाण्यातलं शेवटचं वाक्य आठव. आणि वर आलो. थरथरत, दात खात, पण आलो. गुडघा गप्प!

"परत," मेव्हणा म्हणाला. परत केलं.

"वाजला नाय!" तांडेल ओरडला. "होय म्हाराजा!"

"सही?" मी हात पुढे केला.

"एवढ्यात नाही," विनायकराव म्हणाले. आता मात्र त्यांचे डोळे लुकलुकत होते. "पाय थरथरला. आणि एका गुडघ्यावरून शास्त्र होत नाही, दाजी. बाकीच्यांचे पाय का टिकतात याचं उत्तर या दोरात असेल, नसेलही. पुढच्या वर्षी नीट बघावं लागेल. तुम्ही स्पर्धेपर्यंत हेच चालू ठेवा. उलट चालायचं, ओढायचं. स्पर्धेआधी येऊन पाहतो."

"कोल्हापुरात समुद्र कुठून आणू?"

"ते तुमचं बघा."

निघायच्या सकाळी ते स्वतः रापणीवर गेले, दोरावर किती ओढ येते ते अजमावायला. अजमावता अजमावता लाटेने त्यांना आडवं केलं, चष्मा गेला, पण दोर सुटला नाही. वाटे पडले तेव्हा तांडेलाने एक जास्तीचा घातला. "डॉक्टरांचो." विनायकराव तो वाटा रुमालात बांधून एस.टी.त बसले. घाटात कंडक्टरने सगळ्या खिडक्या उघडल्या. हा माणूस मात्र रुमाल मांडीवर धरून, बिनचष्म्याने, बाहेरचं काहीही दिसत नसताना प्रसन्न बसून होता.

रंकाळा

कोल्हापुरात समुद्र नाही. पण म्हशी आहेत. रंकाळ्याला सकाळी गवळी म्हशी पाण्यात सोडतात, आणि एकदा बसलेली म्हैस बाहेर यायला समुद्राइतकीच नाखूश असते. मी एका गवळ्याला पटवलं. म्हशीच्या गळ्यात दोर, दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला, टाचा रोवायच्या आणि उलट चालायचं. पहिल्या दिवशी म्हशीने मला पाण्यात नेलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून बघायला गर्दी व्हायला लागली आणि फुटाणेवाला येऊन बसला. वस्ताद लांबून बघून गेले. काही बोलले नाहीत, म्हणजे प्रकरण त्यांना आवडलं.

परवा विनायकराव आले, नवा चष्मा लावून, थेट रंकाळ्यावर. त्या दिवशी म्हैस हट्टाला पेटली होती. मी ओढतोय, ती बसलीय. मी मागे रेललो, आकाशाला टेकलो म्हणा ना, तरी ढिम्म. एवढ्यात दोर अचानक हलका वाटला. मागे वळून पाहिलं तर मेव्हणे कोट काढून दोराच्या शेपटाला लटकलेले. म्हैस आली! चिखलासकट, रागासकट, काठावर आली.

त्यांनी लगेच मला एका पायावर बसवलं. बसलो, उठलो. थरथर नाही, आवाज नाही. मांडी मोजली. मग खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या ओल्या हातात दिला. खाली सही होती. म्हणजे घरूनच करून आणली होती लबाडाने. रविवारी सामना आहे. सेंटर हाफला कोण, ते मैदानावर येऊन बघा.

गवळी तिथेच म्हैस पिळायला बसला. फेसाळ धारोष्ण दुधाची चरवी भरली. मी पुढे झालो.

"माझा वाटा?"

"कसला वाटा?" गवळी म्हणाला. "म्हैस माझी, दूध माझं."

"दोराला हात लावला त्याचा वाटा. कायदा आहे."

"कुठला कायदा?"

"तोंडवलीचा."

गवळ्याने माझ्याकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, जमलेल्या गर्दीकडे पाहिलं आणि हसत एक पेला भरून दिला. मी तो तोंडाला लावणार, एवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. बाहीला चिखल लागलेला, मनगटावर ते नाडी मोजायचं घड्याळ.

"मीपण लावला होता," वैद्यकीय कॉलेजातले हाडांचे डॉक्टर म्हणाले.